जमीन बघून बियाणं, खोली बघून माईक

आमच्या तालुक्यातल्या एका गावात दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने रेकॉर्डिंगसाठी माईक घेतला. हेतू चांगला होता. पीक-सल्ला गावच्या व्हॉट्सॲप गटावर आवाजात पाठवायचा, ग्रामसभेची नोंद ठेवायची आणि जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या उरल्यात, त्यांचा आवाज जपून ठेवायचा. दुकानदाराने 'खास स्टुडिओचा' म्हणून एक कंडेन्सर माईक दाखवला. तो पसंत करणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. पत्र्याच्या खोलीत एका आजींना बसवलं. त्यांनी पाऊण तास ओव्या म्हटल्या. नंतर ऐकतो तर पंख्याची घरघर, शेजारच्या गिरणीचा पट्टा, पत्र्याचा घुमारा आणि त्याच्यामागं कुठंतरी आजी. "परत एकदा करू," म्हणत राहिलो. पेरणी आली, मग पंचनामे आले. दिवाळीनंतर आजी गेल्या.

माईक वाईट नव्हता. काळ्या जमिनीचं बियाणं आम्ही मुरमाडात टाकलं होतं.

दोन जाती ओळखा

माईकच्या मुख्य जाती दोन. डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. आवाजाने पडदा हलला की वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि वीज तयार होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही. गडी दणकट. ढोल-ताशा तोंडासमोर वाजला तरी सहन करतो. जवळचा आवाज नीट घेतो, लांबचा कमी घेतो.

कंडेन्सर माईक नाजूक आणि तीक्ष्ण कानाचा. टाळांची किणकिण, वीणेची तार, दमाचा बारीक आवाज तो छान टिपतो. स्टुडिओतल्या अशा माईकला सहसा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्याला फँटम पॉवर म्हणतात. रेकॉर्डिंगच्या यंत्रात ती सोय नसेल तर हा माईक मुका. ओल आणि धूळही त्याला मानवत नाही. शांत, बंदिस्त खोली असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही. पण आपल्या समाजमंदिरात तो टाळाबरोबर ट्रॅक्टरही टिपतो.

एकच घ्यायचा तर

भाषण, मुलाखत, भजन, पोवाडा, ग्रामसभा अशी पाच कामं एकाच माईककडून करून घ्यायची असतील आणि पैसा बेताचा असेल, तर डायनॅमिक घ्यावा. तो 'कार्डिऑइड' असावा, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं बरंचसं टाळणारा. जोडणी तीन पिनी एक्सएलआर असावी. असा माईक रेकॉर्डिंगलाही चालतो आणि योग्य वायर असली की ग्रामसभेच्या ॲम्प्लिफायरलाही. यूएसबीचा माईक संगणकावर एकट्याने बोलायला सोयीचा. सभेत त्याचा उपयोग नाही.

या जातीतला सर्वांत नावाजलेला नमुना म्हणजे अमेरिकेतील शूअर कंपनीचा एसएम-५८. तो १९६६ साली बाजारात आला आणि अजून विकला जातो. मात्र त्याच्या नकला फार. अस्सल माईकचं वजन २९८ ग्रॅम भरतं. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा, तरीही खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच, पक्क्या पावतीने करा. तो परवडत नसेल तर याच प्रकारचा कमी किमतीचा माईकही बोलण्याच्या कामाला पुरतो. दरपत्रकं मागवताना 'स्टुडिओ माईक' एवढंच लिहू नका. 'डायनॅमिक, कार्डिऑइड, एक्सएलआर' असं स्पष्ट लिहा.

सगळा पैसा माईकवर नको

बैल घेतला आणि औतच नाही, असं होऊ नये. स्टँड, चांगली वायर, तोंडावरची स्पंजाची टोपी आणि माईक मोबाईलला किंवा संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, यांचा खर्च आधी मांडा. उरेल त्यात माईक बसवा. डायनॅमिक माईकचा आवाज मुळात हलका असतो, त्यामुळे इंटरफेस अगदीच हलक्या प्रतीचा घेतला तर मागे 'सूंऽऽ' असा आवाज येतो. खरेदीआधी जोडून, कानाला हेडफोन लावून ऐका.

वापरण्याची रीत

१. तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतर ठेवा. अंतर निम्मं केलं की बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. निम्मी लढाई इथंच जिंकली जाते.

२. माईक किंचित तिरका धरा. पाणी, पीक, फवारणी, भात या शब्दांतल्या प, फ, भ चा फटकारा थेट जाळीवर बसला की 'भप्' असा आवाज येतो.

३. जाळी मुठीत धरू नका. मूठ आवळली की माईकची दिशा ओळखण्याची शक्तीच जाते.

४. भिंतींना गोधड्या टांगा, कोपऱ्यात धान्याची पोती राहू द्या. पंखा बंद. गिरणीची वेळ टाळा.

५. मूळ रेकॉर्डिंग 'वेव्ह' स्वरूपात जपा. एका मिनिटाला साधारण सहा एमबी जागा लागते. गटावर पाठवायला छोटी प्रत वेगळी काढा. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा.

हे कशासाठी?

२००६ च्या धोरणानंतर कृषी विज्ञान केंद्रं आणि स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. साताऱ्यातील म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी केंद्रं गावच्याच माणसांना बोलतं करतात. चांगलं रेकॉर्डिंग असेल तर तुमच्या गावचा आवाजही तिथवर जाऊ शकतो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायांपैकी कितीतरी जणी आज नाहीत. त्यांचे शब्द उरले, काहींचा आवाजही उरला.

आमच्या गावाने पुढे डायनॅमिक माईक घेतला. कंडेन्सर गावच्या भजनी मंडळाला दिला. रात्री गिरणी बंद झाल्यावर दगडी देवळात तो उत्तम चालतो. नव्या माईकवर दुसऱ्या एका आजींच्या ओव्या स्वच्छ उतरल्या. पहिल्या आजींच्या मात्र गिरणीच्या आवाजात बुडाल्या त्या बुडाल्याच.

तेव्हा माईकची मंजुरी येईपर्यंत थांबू नका. तुमच्या गावात अशी आजी असेल तर आज संध्याकाळीच जा. पंखा बंद करा, मोबाईल वीतभर अंतरावर धरा आणि त्यांना म्हणू द्या. माईक पुढच्या महिन्यात घेता येईल.