साप पोहतो कसा?

पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली की तिच्यात एक पाहुणा हमखास दिसतो. पिवळसर अंगावर काळे चौकोन, पाण्याबाहेर काढलेले इवलेसे डोके आणि मागे नागमोडी हलणारे शरीर. हा दिवड जातीचा साप. कोणी त्याला विरोळा असेही म्हणतात. 'साप, साप' अशी ओरड होते, काठावरून दगड पडू लागतात. पण तोवर स्वारी पलीकडच्या कपारीत पोहोचलेलीही असते!

मित्रांनो, माशाला पर असतात, बेडकाच्या बोटांमध्ये पडदे असतात, बदकाचे पाय तर वल्ह्यासारखेच. सापाजवळ यांपैकी काहीच नाही. मग तो पाणी कापत पुढे जातो कसा?

त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. पाण्याने भरलेल्या टबात फूटपट्टी बुडवा आणि टोक पुढे ठेवून लांबीच्या दिशेने सरकवा. ती सहज सरकेल. आता रुंद बाजू पुढे ठेवून ढकला. पाणी चांगलाच विरोध करील. शेवटी पट्टी तिरकी धरा आणि बाजूला ढकला. या वेळी ती नुसती बाजूला जात नाही. आपल्या लांबीच्या दिशेने निसटू पाहते. हाताला ते स्पष्ट जाणवेल. सापाच्या पोहण्याचे सारे मर्म या निसटण्यात आहे.

माणसाच्या कण्यात जन्मतः ३३ मणके असतात. अनेक सापांच्या कण्यात ते २०० हून अधिक असतात. त्यामुळे शरीर कोठेही वळू शकते. साप एका बाजूचे स्नायू आवळतो, तेव्हा समोरच्या बाजूचे सैल सोडतो. असे आळीपाळीने होत गेले की डोक्याजवळ निर्माण झालेले वळण लाटेसारखे शेपटीकडे सरकत जाते. दोरीचे एक टोक हातात धरून झटका दिला की दोरीवरून लाट धावते, तसेच हे. या लाटेत शरीराचा बराचसा भाग तिरका असतो, आणि प्रत्येक तिरका भाग आपल्या पट्टीप्रमाणे पाण्याला बाजूला व मागे रेटतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाणीही सापाला तितक्याच जोराने उलट रेटते. डावीकडचे आणि उजवीकडचे रेटे एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. पुढच्या दिशेचे रेटे मात्र एकत्र होतात आणि साप पुढे जातो.

जमिनीवरही साप असाच चालतो. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी १९४६ साली सापांच्या चालीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अंग टेकवायला खुंट्यांचा आधार मिळाला की साप झपाट्याने पुढे जाई. गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र तो जागच्या जागी वळवळत राही. जमिनीवर दगड, गवत आणि उंचवटे या खुंट्यांचे काम करतात. पाण्यात खुंट्या नाहीत. तेथे पाणीच खुंटी होते! पण ही खुंटी पक्की नाही, रेटले की ती मागे हटते. म्हणून अंगावरची लाट ज्या वेगाने मागे जाते, त्यापेक्षा साप कमी वेगाने पुढे जातो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. पोहण्यासाठी सापाला वेगळी विद्या शिकावी लागत नाही. म्हणूनच पुराच्या पाण्यातून नाग, धामण, घोणस असे जमिनीवरचे सापही पोहत येतात. तरंगायला त्यांना फुप्फुसातील हवेची मदत होते. सापाचे डावे फुप्फुस बहुधा अगदी लहान किंवा नसतेच. उजवे मात्र लांबलचक असते.

या कलेत सर्वांत पुढे गेले ते समुद्रसाप. त्यांची शेपटी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, थेट वल्ह्यासारखी असते. रुंद बाजूने ढकललेली पट्टी आठवा, म्हणजे या चपटेपणाचा फायदा कळेल. त्यांचे फुप्फुस जवळजवळ शेपटीच्या बुडापर्यंत पोहोचते. नाकपुड्यांना झडपा असतात, त्या बुडी मारताना बंद होतात. त्यामुळे ते अर्ध्या तासाहून अधिक वेळही पाण्याखाली राहू शकतात. या सोयींची किंमतही त्यांनी मोजली आहे. जमिनीवरच्या सापाच्या पोटावर रुंद खवले असतात. खऱ्या समुद्रसापांचे हे खवले अगदी लहान झाले आहेत. वाळूवर आणून टाकलेला समुद्रसाप म्हणूनच असहाय होतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जाळ्यांत माशांबरोबर समुद्रसापही येतात. शेवटी त्यांनाही हवाच लागते. जाळ्यात फार वेळ अडकले तर ते पाण्यातच गुदमरून मरतात. मात्र 'पाण्यातल्या सापाला विष नसते' ही समजूत येथे घातक ठरते. विहिरीतला दिवड बिनविषारी खरा, पण वल्ह्यासारख्या शेपटीचे समुद्रसाप विषारी असतात. शिवाय आपल्याकडची नेहमीची सर्पदंशावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून बनवतात. समुद्रसापाचे विष तीत वापरलेले नसते. तेव्हा जाळ्यातला साप मेलेला वाटला तरी हात लावू नये, आणि दंश झालाच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

शेपटी गोल आहे म्हणून साप बिनविषारी, असेही समजू नका. पुरातून पोहत येणाऱ्या नागाची शेपटी गोलच असते. पाण्यातला कोणताही साप लांबूनच पाहावा. आणि विहिरीतल्या दिवडावर दगड कशाला टाकायचा? तो बेडूक आणि मासे यांच्या शोधात आलेला असतो, तुमच्या नव्हे. काठावर शांत उभे राहा आणि त्याच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे धावणारी ती लाट दिसते का, ते बघा.