प्रकाशनापूर्वीची तपासणी : आज्ञावलीतील चुका यंत्र कसे शोधते?

१९ जुलै २०२४ रोजी बेंगळुरूच्या केम्पेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. देशात अन्यत्र बोर्डिंग पासही हाताने लिहिले गेले. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सुधारित फाइल जगभर वितरित झाली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तिच्यामुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. (त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अझुअर सेवेतही स्वतंत्र बिघाड झाला होता, त्यामुळे विमानतळांवरील गोंधळाचे सारे खापर एकाच कारणावर फोडता येत नाही.) सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, परंतु बंद पडलेले बहुसंख्य संगणक कर्मचाऱ्यांना एकेक करून दुरुस्त करावे लागले.

ही फाइल तपासणीविना बाहेर पडली नव्हती, हे येथे महत्त्वाचे आहे. स्वयंचलित तपासनिसाने तिला मंजुरी दिली होती.

अशा तपासणीचे मूळ १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आढळते. तेथील स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील आज्ञावली वाचून संशयास्पद जागा दाखविणारे साधन तयार केले. कपड्याला चिकटणाऱ्या बारीक तंतूंवरून त्याला ‘लिंट’ हे नाव मिळाले. विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. चाचणीत आज्ञावली चालवून पाहतात. लिंट ती न चालवता केवळ वाचते. यास ‘स्थिर विश्लेषण’ म्हणतात. एखाद्या कार्यास किती मूल्ये हवीत आणि प्रत्यक्षात किती पुरविली, याचा मेळ घालणे हे लिंटचे एक जुने काम.

पुढे हीच कल्पना संपूर्ण पॅकेजला लागू झाली. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीसाठी १९९८ मध्ये ‘लिंटियन’ निर्माण झाले. परवान्याची फाइल आहे काय, फाइलींचे अधिकार योग्य आहेत काय, माहितीपुस्तिका जोडली आहे काय, वर्णनात शुद्धलेखनाच्या चुका आहेत काय, असे शेकडो प्रश्न ते प्रत्येक पॅकेजला विचारते. काही ठरावीक गंभीर दोष आढळल्यास २००९ पासून पॅकेज भांडारात स्वीकारलेच जात नाही. यंत्राचा आक्षेप चुकीचा वाटल्यास तो बाजूला ठेवण्याची सोय आहे. मात्र तशी नोंद पॅकेजमध्येच करावी लागते. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने या शिस्तीचा लाभ तिलाही होतो.

मग क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत काय घडले? नव्या नमुन्याच्या व्याख्येत २१ रकाने होते. संगणकावरील आज्ञावली मात्र २० मूल्येच पुरवीत होती. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे चिन्ह असल्याने ही तफावत दडून राहिली. १९ जुलैच्या फाइलीने प्रथमच त्या रकान्यातील मूल्य मागितले, आणि आज्ञावलीने स्मृतीतील भलतीच जागा वाचली. तपासनिसानेही २१ मूल्ये येतील असेच गृहीत धरले होते. मोजणीची ही चूक लिंटच्या काळापासून परिचित असलेल्या जातीचीच होती. शिवाय फाइल टप्प्याटप्प्याने न पाठविता सर्वत्र एकदम पाठविली गेली. आमच्या मते हा दोष पहिल्याहून मोठा. नंतर कंपनीने दोन्ही बाबी सुधारल्या.

हेतुपुरस्सर लपविलेला दोष ही याहून निराळी अडचण. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संकोचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. ती चाचणीसाठीच्या फाइलींत दडविलेली होती. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा पाठपुरावा करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली.

असे काही उघडकीस आल्यावर प्रत्येक संस्थेपुढे पहिला प्रश्न उभा राहतो : हा घटक आपल्याकडे कोठे कोठे आहे? त्याचे उत्तर देणारी घटकसूची प्रत्येक आज्ञावलीसोबत असावी, यासाठी सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शासकीय व अत्यावश्यक सेवांबरोबरच सॉफ्टवेअरची निर्यात करणाऱ्या कंपन्यांचाही त्यांत समावेश असून, अशा अनेक कंपन्या बेंगळुरूत आहेत.