घेर, चौकडी आणि फुलबाजी

आमच्या तेरखेड्यात दिवाळीचा कपडा शिवायचा तर आधी जाळाचा विचार करावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. दारूकामाच्या जागी सुतीच कपडे घालावेत हा दंडक, कारण नायलॉनच्या घर्षणानं ठिणगी पडू शकते. आणि आपल्या पोरीबाळी मात्र फुलबाज्या उडवतात त्या नेटच्या फ्रॉकात नि जॉर्जेटच्या घेरदार घागऱ्यात! सुती कापडही पेटतं, नाही असं नाही. पण नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल जाते.

म्हणून भाचीनं ‘मावशी, मला चेक्सचा स्कर्ट शिव’ असा हट्ट धरल्यावर मी आधी कापड ठरवलं. जाडसर सुती, तेही सोलापूरचं. तिथं गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, त्यामुळे चौकडीच्या कापडाला तोटा नाही. तसं चेक्स म्हणजे काही परकं नव्हे. आपल्या आज्यांच्या नऊवारी लुगड्यांवर चौकडी होतीच की.

पोर दहा वर्षांची, कंबर 22 इंच. कापडाचा पन्हा 36 इंच. दोन पन्हे जोडले की घेर होतो. उंची, दुमड, कंबरपट्टी धरून दीड मीटर पुरतं. यात चौकड्या जुळवण्यासाठीचं चार इंच जास्तीचं कापडही आलं. तिथं काटकसर करू नये. कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं, मगच कात्री लावायची.

चौकडीच्या कापडात लबाडी चालत नाही. साध्या कापडावर वाकडी टीप खपून जाते, इथं आडवी रेघ अर्धा इंच सरकली तरी सगळ्या गावाला दिसते. दोन्ही पन्ह्यांच्या आडव्या रेघा एकमेकींवर ठेवून प्रत्येक रेघेवर टाचणी लावायची, कच्चा धावदोरा घालायचा आणि मगच मशीन. जुळवणी खालच्या काठाकडून वर करत जावी. वर काही उणंअधिक राहिलंच तर ते कंबरपट्टीत झाकतं.

आमच्या कापडावर दर तीन इंचांनी तांबडी उभी रेघ होती. प्रत्येक प्लीट तीन इंचांची घेतली, एक इंच वर आणि दोन आत, म्हणजे 22 प्लीट्स. उभं राहिलं की सगळीकडे तांबडंच दिसतं. गिरकी घेतली की आतला हिरवा, निळा उघडतो. स्कॉटलंडच्या किल्टमध्येही ही युक्ती असते. तिथल्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना हा पोशाख घालायला 1746 साली कायद्यानं बंदी झाली होती, ती उठली 1782 साली. कापडाच्या घड्यांचीही सरकारला भीती वाटते म्हणायची!

खालची दुमड मात्र प्लीट्स घालण्यापूर्वीच करून घ्यावी. मी पूर्ण तीन इंच ठेवली, हातानं तुरपाई करून. घडी नेमकी गडद आडव्या रेघेवर घेतली. पुढच्या वर्षी दुमड उसवली की जुन्या घडीचा विटका पट्टा त्या रेघेत लपेल. उंची गुडघ्याखाली चार बोटं. घोट्यापर्यंत नको, पणत्या जमिनीवर असतात, हे पोरींच्या ध्यानात राहत नाही. चेन डाव्या बाजूला, एका प्लीटच्या आत. कंबरेला इलॅस्टिक न घालता पुढेमागे दोन हूक लावले, पोट भरलं की सैल करता येतं. लाडू-चिवड्याच्या दिवसांत याचं मोल कळतं.

खिशावरून बरीच वादावादी झाली. भाचीला खिसा हवा होता, आणि तो कशासाठी हे मला ठाऊक होतं. लवंगी फटाके खिशात भरून हिंडायला! ‘बिनखिशाचा स्कर्ट काय कामाचा?’ म्हणून ती रुसली. अखेर खिसा बाहेरून शिवला, पण रुमालापुरता, उथळ. त्याचं कापड उरेब कापलं, म्हणजे चौकोनांचे शंकरपाळे झाले आणि रेघा जुळवण्याची कटकटही वाचली. उरेब कापड ताणतं, म्हणून आतून सरळ कापलेलं साधं अस्तर दिलं.

बहिणीनं काठाला लावायला दोन मीटर नायलॉनची लेस आणून दिली होती. तिची मी उशीच्या अभ्र्याला झालर लावली. ती अजून बोलत नाही.