गजाने कापड मोजणारे आम्ही वीज मोजतो का?

आपल्या धंद्यात गज हातात घेतल्याशिवाय कापडाचा एक तुकडाही विकला जात नाही. ठाणात अर्धा मीटर कमी भरला तर आम्ही घाऊक व्यापाऱ्याशी भांडतो. विजेचे बिल मात्र डोळे मिटून भरतो आणि रक्कम वाढली की कोणावर तरी संशय घेतो. हीच चूक आमच्या हातून घडली, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या घराचे दोन्ही मजले एकाच मीटरवर आहेत. वरच्या मजल्यावर आमची धाकटी विधवा बहीण शिलाई करून दोन मुलांना शिकवते. गेल्या उन्हाळ्यात बिल ३०० युनिटांच्या पुढे गेले. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, त्यामुळे वरचे प्रत्येक युनिट महाग पडले. आम्ही बहिणीला बोलून गेलो, "हे सगळे तुझ्या मशीनच्या मोटारीमुळे."

"ठीक आहे, भाईजान," एवढेच ती म्हणाली. तिने मोटार काढून ठेवली, पायाने मशीन चालवू लागली आणि बिलात जादा पैसेही देऊ लागली. पुढच्या महिन्याचे बिल आले, तर ते जवळपास तेवढेच!

तिचा थोरला मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे काम शिकतो. त्याने आम्हाला मीटरजवळ उभे केले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. भाच्याने घरातील सर्व बटणे बंद केली आणि एकेक वस्तू चालू करून दिवा मोजला. ७५ वॅटचा पंखा लावला की मिनिटाला ४ वेळा. शिलाईची मोटार चालताना ५ वेळा, पण पाय उचलला की दिवा थांबे. आमच्या जुन्या फ्रिजला मात्र ८ वेळा, आणि तो थांबायचे नावच घेईना.

दरवाजाचे रबर फाटले होते. थंडावा बाहेर जात होता आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालत होता. हिशेब केला तेव्हा फ्रिज महिन्याला सुमारे १०८ युनिटे, तर रोज ४ तास चालणारी मोटार फक्त सुमारे ११ युनिटे खात असल्याचे दिसले. रबर बदलले, फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढला. बहिणीचे पैसे परत केले, माफीही मागितली. तिच्या पायांची सूज उतरायला मात्र वेळ लागला.

मोजण्याचा हा फायदा शिकलेल्या लोकांनीही पाहिला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजात २००५ साली वसतिगृहांमध्ये दोन आठवडे वीजबचतीची स्पर्धा झाली. बहुतेक वसतिगृहांना वापराचा आकडा आठवड्यातून एकदा कळे. दोन वसतिगृहांत तो त्याच क्षणी पडद्यावर दिसे. पहिल्यांनी ३१ टक्के वीज वाचवली, दुसऱ्यांनी ५५ टक्के. आकडा डोळ्यांसमोर असला की हात आपोआप बटणाकडे जातो.

आपल्या व्यापारी आणि कारागीर भावांना आमची विनंती आहे की नवीन वस्तू घेण्याआधी मोजून पाहा. ७५ वॅटचा पंखा रोज १५ तास चालला तर महिन्याला सुमारे ३४ युनिटे होतात. नव्या बीएलडीसी जातीचा ३० वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात १४ युनिटांच्या आत भागवतो. जो पंखा दिवसभर फिरतो तो आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. दर महिन्याच्या १ तारखेला मीटरचा आकडा खातेवहीत लिहा. बिल वाढले तर आधी ती वही उघडा, घरातल्या माणसाला बोल नंतर लावा.