बुगडीचे फेरफार

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, तेव्हा बैलांचे सौदे आणि घोंगड्यांची घासाघीस आटोपून रात्री तमाशाच्या तंबूत शिरणारा शहापूरकडील कुणबी ‘बुगडी माझी सांडली गं’ची फर्माईश ज्या हक्काने करीत आला आहे, तो पाहता हे गाणे मूळचे फडावरचे नव्हेच, असे त्याला शपथेवर सांगितले तरी तो मानील असे वाटत नाही. वस्तुतः त्याचा जन्म १९५९ सालचा. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या बोलपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिले, वसंत पवारांनी चाल बांधली, आशा भोसले गायिल्या आणि पडद्यावर जयश्री गडकर नाचल्या. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो बोलपट शंभरांवर आठवडे चालला. पुढे त्यात भूमिका करणाऱ्या हंसा वाडकरांनी आपल्या आत्मचरित्रासही तेच नाव दिले.

माळशेजचा घाट चढून जुन्नर तालुक्यात गेले की नारायणगाव लागते, जेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. तमाशाच्या धाटणीवर रचलेले हे गाणे तमाशानेच उचलून रंगबाजीत घेतले आणि आपले म्हणून घाटाखाली आणले. खरीदखत नाही, दस्तऐवज नाही. महसुली भाषेत बोलायचे तर ही निव्वळ वहिवाटीची मालकी होय.

त्यानंतरचे फेरफार मोजणे तलाठ्यासही जड जावे. वऱ्हाडापुढील बँडच्या क्लॅरिनेटने शब्द टाकून दिले, हळदीच्या बेंजोने लाज टाकून दिली, ऑर्केस्ट्रावाल्यांनी ढोलकीच्या जागी यंत्र बसविले. पैकी शब्दांवाचून मला काही अडले नाही. चाल इतकी घट्ट बांधलेली आहे की मुक्या क्लॅरिनेटवरही ती पहिल्या चार सुरांत ओळखू येते. रिमिक्सवाल्यांचा द्रुत ठेका मात्र मला अक्षम्य वाटतो. बुगडी हरवलेली बाई घाईत असणार, असा त्यांचा समज दिसतो. वास्तविक ती कशी सांडली हे तिला पक्के ठाऊक आहे, आणि ते कबूल करण्यास ती जो विलंब लावते, त्या विलंबातच सारी लावणी आहे.

शाळांच्या स्नेहसंमेलनांत हे गाणे अजून होते. बुगडी हा कानाच्या वरच्या पाळीचा दागिना. तेथे भोक पाडण्याची रीत मागे पडल्याने मुली आता चापाची बुगडी लावतात, आणि नाचता नाचता ती खरोखरच सांडते.