डेन्मार्क : सेंद्रिय मालाचा बाजार आणि मागे पडलेली शेते

युरोपीय संघातील सेंद्रिय शेतीचा विचार जमिनीच्या हिशेबाने केला तर पहिला क्रमांक ऑस्ट्रियाचा लागतो. तिथल्या एकूण शेतजमिनीपैकी पाव हिश्श्याहून अधिक जमीन सेंद्रिय पद्धतीने कसली जाते. डेन्मार्कमध्ये हे प्रमाण अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास आहे. हिशेब गिऱ्हाइकाच्या पिशवीतून केला तर मात्र डेन्मार्क पुढे जातो. लोक दुकानातून जे अन्न विकत घेतात, त्यात सेंद्रिय मालाचा वाटा सुमारे १२ टक्के आहे आणि या बाबतीत हा देश गेली अनेक वर्षे जगात आघाडीवर आहे. डेन्मार्कमधील सेंद्रिय शेतीची वाढ प्रामुख्याने मागणीच्या बाजूने झाली. आजच्या तिच्या अडचणीही बऱ्याचशा तिथूनच आल्या आहेत.

महाराष्ट्राच्या सातव्या भागाएवढा हा देश; लोकसंख्या सुमारे ६० लाख. जमीन सपाट असल्याने भूभागाचा सुमारे ६० टक्के भाग शेतीखाली आहे. युरोपात इतके प्रमाण फार थोड्या ठिकाणी आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले तेव्हा डॅनिश शेतकऱ्याने धान्य विकण्याऐवजी ते जनावरांना घालून लोणी आणि डुकराचे मांस विकण्याचा मार्ग धरला. १८८२ मध्ये पश्चिम युटलंडमधील येडिंग या खेड्यात देशातील पहिली सहकारी डेअरी निघाली आणि पाहता पाहता गावोगावी तशा डेअऱ्या उभ्या राहिल्या. आज डेन्मार्कमध्ये डुकरांची संख्या माणसांच्या जवळजवळ दुप्पट आहे. इथली सेंद्रिय शेती या निर्यातप्रधान, दाट पशुपालनाच्या पोटातच वाढली, हे विसरून तिचे आकडे वाचले तर घोटाळा होतो.

सुरुवात मात्र या व्यवसायाबाहेरच्या माणसांनी केली. सत्तरच्या दशकात शहरातील सुशिक्षित तरुण गट करून खेड्यात राहायला गेले. १९७८ मध्ये स्थापन झालेली स्वानहोल्मची सामूहिक वसाहत हे त्यातले ठळक उदाहरण. १९८१ मध्ये सेंद्रिय शेतकऱ्यांची राष्ट्रीय संघटना झाली. मुरलेले शेतकरी या मंडळींकडे थट्टेनेच पाहत. वारे फिरले ते ऑक्टोबर १९८६ मध्ये. कॅटेगाट समुद्रात मच्छीमारांच्या हाती मेलेले शेवंड लागले आणि ते चित्र दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचले. शेतातून वाहून आलेल्या नत्रामुळे समुद्रात शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि तळाचे जीव गुदमरतात, हे शास्त्रज्ञ आधीपासून सांगत होते. आता ते साऱ्या देशाने डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी संसदेने जलपर्यावरणाचा आराखडा मंजूर केला आणि नत्राचा निचरा निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरवले. त्याच वर्षी, १९८७ मध्ये, सेंद्रिय शेतीचा स्वतंत्र कायदाही झाला. अशा प्रकारचा हा जगातील अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक. त्याने सेंद्रिय म्हणजे काय याची व्याख्या केली, रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्याला अनुदान दिले आणि सरकार, शेतकरी व व्यापार यांना एका मंडळात बसवले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच सरकारी बोधचिन्ह आले: लाल रंगातील, तिरकी रेघ मारलेला डॅनिश ‘ओ’ आणि त्याखाली सरकारी तपासणी झाल्याची नोंद. युरोपातील बहुतेक देशांत सेंद्रिय मालाची तपासणी खासगी प्रमाणन संस्था करतात आणि त्यांचे शुल्क शेतकरी भरतो. डेन्मार्कमध्ये हे काम सरकारी निरीक्षकांकडे आहे. शेतावर कृषी खात्याचे आणि कारखान्यात अन्न खात्याचे लोक जातात, आणि शेतकऱ्याला त्यासाठी वेगळी फी मोजावी लागत नाही. लहान शेतकऱ्याचा खर्च तर यामुळे वाचलाच. शिवाय बाजारात दहा संस्थांची दहा चिन्हे न राहता एकच चिन्ह राहिले. आज हे चिन्ह देशातील जवळजवळ प्रत्येक जण ओळखतो. सरकारी शिक्क्यावर गिऱ्हाइकाचा एवढा भरवसा बसणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि डॅनिश सेंद्रिय शेतीचे खरे भांडवल तेच, असे म्हणायला हरकत नाही.

चिन्ह असले तरी माल महाग आणि कोपऱ्यातल्या फळीवर होता. १९९३ मध्ये सुपरब्रुगसेन या सहकारी दुकानसाखळीने सेंद्रिय वस्तूंच्या किमती उतरवल्या आणि जोरदार जाहिरात केली. मागणी इतकी उसळली की दूध पुरेना. डेअऱ्यांनी शेतकऱ्यांना गळ घातली, दुधाला जादा दर देऊ केला, आणि १९९५ मध्ये सरकारने सेंद्रिय शेतीसाठी कृती आराखडा आणला. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत शेतकरी झुंडीने वळले. या वेळी त्यांत मोठे, मुरलेले दूध उत्पादकही होते. शतक संपता संपता दूध इतके झाले की त्यातील बरेचसे साधे दूध म्हणून विकावे लागले. २००२ नंतर काही वर्षे सेंद्रिय क्षेत्र घटत गेले. मागणी, टंचाई, जादा दर, सगळ्यांची धाव आणि मग महापूर, हे चक्र ऊस-कांद्याच्या प्रदेशातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

दुधाचा मात्र पाया पक्का झाला होता. आज डेन्मार्कमध्ये पिण्यासाठी विकल्या जाणाऱ्या दुधापैकी सुमारे एक तृतीयांश दूध सेंद्रिय असते. यामागे शेतीशास्त्राचे साधे कारण आहे. गायीला वैरण लागते, आणि गवतात क्लोव्हर हे द्विदल मिसळून पेरले की ते हवेतील नत्र जमिनीत धरते. दोन-तीन वर्षे गवत ठेवून मग तिथे धान्य घेतले की बेवड चांगली मिळते, तणाचाही जोर मोडलेला असतो आणि शेणखत घरचेच. फेरपालट जणू गायीसाठीच बेतलेला असतो. डॅनिश नियमानुसार सेंद्रिय गायी १५ एप्रिल ते १ नोव्हेंबर या काळात, हवामान ठीक असेल त्या दिवशी किमान सहा तास कुरणात असाव्या लागतात. हिवाळाभर गोठ्यात राहिलेल्या गायी एप्रिलमधील एका रविवारी देशभर एकाच वेळी मोकळ्या सोडल्या जातात आणि त्या कुरणात अक्षरशः उड्या मारतात. २००५ पासून हा दिवस जाहीरपणे साजरा होतो आणि शहरातील लोक पोराबाळांसह हजारोंच्या संख्येने तो पाहायला जातात. जाहिरातीवर कितीही पैसा ओतला तरी असा परिणाम साधला नसता.

धान्याचे गणित अवघड आहे. गव्हासारख्या नत्राची भूक असलेल्या पिकात सेंद्रिय उतारा रासायनिक शेतीपेक्षा ढोबळमानाने एक तृतीयांश ते निम्म्याने कमी भरतो. जनावरे नसलेल्या शेतकऱ्याकडे खत कुठून येणार? त्यासाठी शेजारच्या रासायनिक गोठ्यातील खत ठरावीक मर्यादेत वापरण्याची मुभा आहे. हे पुढे बंद व्हावे असे चळवळीतच ठरले होते. पण पर्यायी खत पुरेसे नसल्याने ते पुरते बंद झालेले नाही. सेंद्रिय शेताच्या नत्राचा काही भाग अशा रीतीने रासायनिक शेतातूनच येतो. टीकाकार हे बोट दाखवून सांगतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

डुकरांच्या बाबतीत तर हिशेब जुळतच नाही. इथे सेंद्रिय डुकरिणी उघड्यावर, रानातल्या झोपड्यांत वितात. डॅनिश पद्धतीत पिले सात आठवडे आईजवळ राहतात, तर नेहमीच्या धंद्यात ती साधारण चार आठवड्यांतच तोडली जातात. जागा जास्त, खाद्य महाग, वर्षाला पिले कमी. देशातील एकूण डुकरांत सेंद्रिय डुकरांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपासच राहिले आहे. ज्या मालावर देशाची निर्यात उभी राहिली, त्यालाच सेंद्रिय लाटेने जेमतेम स्पर्श केला.

नव्या शतकात मागणीला दुसरा धक्का मिळाला तो सार्वजनिक स्वयंपाकघरांतून. कोपनहेगन महापालिकेने पाळणाघरे, शाळा, वृद्धाश्रम अशा आपल्या सुमारे ९०० स्वयंपाकघरांत ९० टक्के सेंद्रिय अन्न शिजवायचे ठरवले आणि ती त्या आकड्याच्या अगदी जवळ पोचली. यासाठी जिन्नसांच्या खरेदीची रक्कम वाढवून द्यायची नाही, ही अट होती. पैसा खर्च झाला तो स्वयंपाक्यांच्या प्रशिक्षणावर. २००७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्थाच काढण्यात आली. तयार अन्नाची पाकिटे कमी करायची, डाळी-कंदमुळे वाढवायची, मांस घटवायचे, उरलेले फेकायचे नाही, हंगामात स्वस्त मिळेल ते घ्यायचे. बचत अशी झाली आणि तीतून सेंद्रिय मालाचा जादा दर भागला.

निविदांतील एक युक्ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. युरोपीय संघाच्या नियमांमुळे ‘स्थानिक माल हवा’ असे निविदेत लिहिता येत नाही. तेव्हा पालिकेने सफरचंदांच्या अनेक जातींची मागणी केली. दूरच्या बागांतून घाऊक येणाऱ्या दोन-चार जातींच्या व्यापाऱ्याला ती पुरी करणे कठीण आणि जवळपासच्या बागांशी संबंध असणाऱ्याला सोपी. नियम न मोडता हवे ते पदरात पाडून घेण्याची ही कारकुनी हुशारी.

२००९ पासून उपाहारगृहांसाठी आणि सार्वजनिक स्वयंपाकघरांसाठी सरकारी श्रेणी आहेत. खरेदीत ३० ते ६० टक्के सेंद्रिय माल असेल तर कांस्य, ६० ते ९० असेल तर रौप्य आणि त्यापुढे सुवर्ण. रुग्णालये, सैन्याची भोजनगृहे, कंपन्यांची कँटीन यांपासून साध्या खानावळींपर्यंत तीन हजारांहून अधिक ठिकाणी हे चिन्ह लागले. घरात सेंद्रिय भाजी न आणणारा माणूसही यामुळे दुपारी कामावर ती खातो. या मागणीचा एक भाग परदेशातून भागतो. केळी, संत्री यांसारखी फळे तर बाहेरूनच येणार. पण भाजीपाला आणि पशुखाद्यही बऱ्याच प्रमाणात आयात होते, आणि डॅनिश सेंद्रिय दूध व मांस जर्मनी, स्वीडनसारख्या देशांत जाते. खपाचा वाटा आणि जमिनीचा वाटा शेजारी ठेवताना ही ये-जा हिशेबात धरावी लागते.

२०२० नंतर गाडी मंदावली. महामारीच्या काळात घरी स्वयंपाक वाढल्याने विक्री चढली होती. २०२२ च्या महागाईत ती ओसरली. गिऱ्हाइकाने सेंद्रिय माल सोडला नाही, पण स्वस्त दुकानांकडे मोर्चा वळवला आणि काही वस्तू गाळल्या. त्याच वर्षी साध्या दुधाचे भाव विक्रमी चढले आणि सेंद्रिय दुधाचा जादा दर त्या मानाने आक्रसला. महागड्या नियमांत राहायचे कशासाठी, असा प्रश्न काही शेतकऱ्यांना पडला. सेंद्रिय क्षेत्र २०३० पर्यंत दुप्पट करण्याचे सरकारी उद्दिष्ट जाहीर झालेले आहे. पण क्षेत्र त्या गतीने वाढत नाही.

सेंद्रिय शेतीचा नवा आधार कदाचित पाण्यातून येईल. डेन्मार्कमध्ये पिण्याचे पाणी जवळपास सगळे भूगर्भातील. हवा देऊन आणि वाळूतून गाळून ते नळाला सोडतात. बहुतेक ठिकाणी क्लोरीनही घालत नाहीत. २०१७ च्या सुमारास पाण्यात एका जुन्या तणनाशकाच्या विघटनातून उरलेला पदार्थ ठिकठिकाणी सापडला. ते बीटच्या शेतात वापरले जाई आणि नव्वदच्या दशकातच बंद झाले होते. तपासणीचा परीघ वाढवल्यावर पाणीपुरवठ्याच्या जवळजवळ निम्म्या विहिरींत कीडनाशकांचे किंवा त्यांच्या अवशेषांचे अंश मिळाले. बहुतेक ठिकाणी प्रमाण मर्यादेच्या आत असले तरी विहिरींभोवतीच्या जमिनीवर फवारणी बंद करण्याची मागणी तेव्हापासून जोर धरत गेली. अशी बंदी आली की त्या जमिनीसमोर मार्ग उरतात तीन: सेंद्रिय शेती, कायमचे गवत किंवा जंगल.

हवामानाच्या प्रश्नात मात्र सेंद्रिय शेतकऱ्याला वेगळी वागणूक नाही. २०२४ मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरण संघटना यांच्यात करार होऊन जनावरांतून निघणाऱ्या हरितवायूंवर २०३० पासून कर लावण्याचे ठरले. जगात असा कर ठरवणारा डेन्मार्क हा पहिला देश. त्याचबरोबर सुमारे अडीच लाख हेक्टर नवे जंगल उभे करायचे आहे. कुरणात चरणारी गायही मिथेन सोडतेच आणि तिचे दूध थोडे कमी असल्याने दर लिटरमागे हिशेब तिच्या बाजूने पडतोच असे नाही. दुसरीकडे कृत्रिम नत्रखत आणि फवारणी नसल्याचा फायदा पाण्याला होतो, पण या कराच्या आकारणीत तो मोजला जात नाही.