अम्मी, हा बोकड की शेळी?

ईदुल अजहा जवळ आली की गल्लोगल्ली जनावरे बांधली जातात आणि मुलांचा मुक्काम तिथेच पडतो. कुणी पाला चारतो, कुणी पाण्याची बादली भरतो. मग प्रश्न सुरू होतात. "अम्मी, ह्याला दाढी आहे म्हणजे हा बोकड ना? मग दादीच्या शेळीला दाढी कशी?"

अशा वेळी "मोठा झालास की कळेल" म्हणून आपण विषय बंद करतो. खरे तर चार-पाच वर्षांच्या मुलाला डोळ्यांसमोर दिसते त्याचे नाव हवे असते, एवढेच. ते सरळ सांगितले की त्याचे समाधान होते आणि पुढचा प्रश्नही तो आपल्याकडेच घेऊन येतो.

उत्तर सोपे आहे. शिंगे आणि दाढी बोकड व शेळी दोघांनाही असू शकतात, त्यावरून ओळख पटत नाही. शेळीला मागच्या पायांमध्ये कास असते. तिला दोन सड असतात, त्यांतून करडू दूध पिते. खस्सी न केलेल्या बोकडाला त्या जागी वृषण असतात. हात, पाय, कान म्हणतो त्याच आवाजात हे सांगावे. हसू नये आणि दटावूही नये.

सोबत शब्दही शिकवावेत. आपल्या बऱ्याच घरांत मुर्गा-मुर्गी म्हणतात, शाळेच्या पुस्तकात कोंबडा-कोंबडी असते. रेडा-म्हैस आणि त्यांचे रेडकू, मेंढा-मेंढी आणि त्यांचे कोकरू, मोर आणि लांडोर. मुलांना हा खेळच वाटतो.

मग अंगणात पाहायला लावावे. मोठा तुरा आणि लांब वळणदार शेपटी कोंबड्याची; अंडी घालून २१ दिवस उबवते ती कोंबडी. गळ्याखाली काळा डाग असलेला चिमणा, डाग नसलेली चिमणी. कावळ्यात मात्र नर-मादी सारखेच दिसतात. आणि "कोकिळा गाते" असे आपण म्हणतो, पण झाडावर कुहूकुहू करणारा तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर असतो. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात.

इथे एक काळजी घ्यावी. मोराचा पिसारा आणि सिंहाची आयाळ पाहून घरातला मुलगा पटकन म्हणतो, "नर भारी, मादी साधी." शेजारी त्याची बहीण बसलेली असते. ती काही बोलत नाही, पण ऐकत असते. ते वाक्य तसेच सोडून देऊ नये.

त्याला विचारावे, लांडोर भडक रंगाची असती तर काय झाले असते? ती जमिनीवर अंडी उबवते. मातकट रंगामुळे ती गवतात पटकन दिसत नाही आणि शत्रूपासून बचावते. तो साधा रंग तिच्या पिल्लांचे संरक्षण आहे. सिंहांच्या कळपात बरीचशी शिकार सिंहिणी करतात. हत्तींच्या कळपाला वाट दाखवते ती अनुभवी, वयस्क हत्तीण. शिकरा पक्ष्यात मादी नरापेक्षा मोठी असते. कुरआनात जिच्या नावाने सूरह आहे त्या मधमाशीचे पाहा : मध गोळा करणाऱ्या सगळ्या कामकरी माश्या माद्याच असतात. नर माशीला तर नांगीही नसते. आणि आपल्याला चावणारा डासही मादीच. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते, नर फुलांच्या रसावर जगतो.

मुलीलाही सांगावे की बाप कमी माया करत नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात सम्राट पेंग्विनचा नर सुमारे दोन महिने काहीही न खाता पायांवर अंडे सांभाळून उभा असतो. समुद्रघोड्यात तर मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते आणि पिल्ले तिथूनच बाहेर येतात.

अल्लाहने ज्याला जे काम दिले, त्याला साजेसे अंगही दिले. फरक आहे म्हणून कुणी उणा ठरत नाही. भाऊ-बहिणीच्या मनात ही गोष्ट याच वयात रुजली, तर इन्शाअल्लाह मोठेपणी वेगळी शिकवावी लागणार नाही. या ईदला मुले जनावरापाशी बसली की आपणही घटकाभर त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांना विचारू द्यावे.